हिडिंबेचे डोळे राहिलेत

मु. पो. येरमाळा, ता. कळंब, जि. धाराशिव
फाल्गुन, शनिवार, दुपार

तीर्थरूप हिंमतदादा यांच्या चरणी धाकटा मामेभाऊ योगीराज याचा दंडवत. आपली व वहिनीसाहेबांची प्रकृती ठणठणीत असेल, चाकणचं पाणी मानवत असेल, कंपनीच्या फाटकावर दिवसभर उभं राहून पायात गोळे येत नसतील, अशी आशा करतो. चि. आरोहीस आशीर्वाद. (लेकीचं नाव आरोही ठेवलंत हे आम्हांला कळंबच्या खतदुकानदाराकडून कळलं, त्याच्या साडूची मेव्हणी तुमच्या कॉलनीत राहते. घरच्या बातम्या हल्ली आम्हांला युरियाच्या पोत्याबरोबर येतात.) यापुढं ‘इकडं सर्व खुशाल’ असं लिहायची रीत आहे. ती मोडतो. इकडं खुशाल नाही. आणि हे ‘आपली’ नि ‘ठेवलंत’सुद्धा इथंच थांबवतो. एका ताटात जेवलेल्या माणसाला अहोजाहो करताना माझा हात अडतोय.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. अरे, तूच सांग, दुसरं काय ठेवलंस? माझा नंबर तू बंद करून टाकलास. वर्षाराणीचा टाकलास. (वर्षाराणी म्हणजे माझी बायको. तुझ्यानंतर दोन वर्षांनी माझंही लग्न झालं, पत्रिका पाठवली होती.) त्या खतदुकानदाराच्या फोनवरून लावला, तर माझा ‘हॅलो’ ऐकून त्या बिचाऱ्याचाही टाकलास, त्याचा काय गुन्हा? आता पोस्टमन तेवढा राहिलाय. त्याला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही. पण मला कागदावर लिहायची सवय उरली नाही, दादा. दोन वर्षं झाली, मी टॅबवर चित्रं काढतो. तिथं रेघ चुकली की काचेवर दोन बोटं टेकवायची, रेघ गायब. मघाशी ‘खुशाल’ लिहिताना खाडाखोड झाली, तर मी या कागदावर दोन बोटं टेकवून वाट बघत बसलो होतो. वर्षाराणी दारातून बघून गेली. तिला वाटलं असेल, झालं, हाही गेला कामातून.

शाळेतली माझी चित्रकलेची नोकरी गेली हे तुला माहीत नसणार. तुकडी बंद पडली आणि चित्रकलेच्या तासाला गणित येऊन बसलं. मग पुण्याच्या एका स्टुडिओचं काम मिळालं. त्यांनी लहान पोरांसाठी मोबाईलवर रंगवायचा खेळ काढलाय, पुराणातल्या पात्रांचा. चित्र आमचं, रंग पोरांचा. रंग निवडून बोट टेकवलं की तेवढा भाग भरून जातो. देव त्यांनी तिथंच पुण्यातल्या कुणालातरी दिले. राक्षस माझ्याकडं आले. (देव पुण्याला आणि राक्षस मराठवाड्याला. अनुशेष म्हणतात तो हाच.) चोवीस राक्षस आणि अट एकच, रेघ स्वच्छ पाहिजे. म्हणजे असं, की आधी कच्चं चित्र काढायचं, ओबडधोबड, दहा रेघांत एक खरी. मग त्याच्यावर दुसरा कोरा थर ठेवायचा, काचेसारखा, आणि त्याच्यावर ती खरी एकच रेघ ओढायची. जाडी सारखी, थरथर नाही, टोकाला टोक भिडलेलं. मग खालचा कच्चा थर पुसून टाकायचा. टोकाला टोक भिडलं नाही, सुईएवढी फट राहिली, तर पोरानं नाकात भरलेला रंग त्या फटीतून गालात जातो, गालातून केसात, आणि केसातून सगळ्या आभाळात. माझा बकासुर पहिल्याच आठवड्यात असा फुटला. हर्षाली मॅडमचा फोन आला (स्टुडिओतल्या माझ्या वरच्या, वय पंचवीस, आवाज हेडमास्तरचा) की सर, तुमचा राक्षस गळतोय. उभा जन्म बांधाला उंदरांनी पाडलेली भोकं बुजवण्यात गेलाय आपला. दोन दिवस बसलो आणि बकासुराचीही बुजवली.

आता राक्षस काढायचे म्हणजे कुणाला बघून काढायचे? मी घरातलीच माणसं घेतली. कुंभकर्ण म्हणजे अण्णा, माझे वडील, तुझे मामा, दुपारची भाकरी खाऊन ओसरीवर पालथे पडायचे तसे. घटोत्कच म्हणजे तू. रागावू नकोस, सत्ताविसाव्या वर्षीचा आहेस, मिशी झकास आहे आणि गदा पेलतेस... हे बघ, पुन्हा दोन बोटं टेकवली. ‘पेलतोस’ वाच. आणि घटोत्कचाची आई हिडिंबा, तिच्या जागी कोण येणार? दगडाबाईच. माझी आत्या, तुझी आई. ती अंगणात तूर पाखडत बसायची, मी ओसरीवर टॅब मांडीवर घेऊन. तिला वाटायचं मी मोबाईल बघत लोळतोय, म्हणून ती मला शिव्या घालायची, आणि शिव्या घालताना तिचा जो चेहरा उघडतो तो मी उतरवत होतो. फोटो काढून घरात बसून चित्र करता आलं असतं, पण फोटो आणि तुझी आई! तुला सांगायला नको. तिचा उभ्या जन्मात एक धड फोटो नाही. आधारकार्डाला सरकारनं बळजबरीनं घेतला, तर त्यात ती खाली बघतेय. नुसता पदर आणि डोक्याचा भांग दिसतो. (त्या भांगावर रेशन मिळतं.)

हिडिंबा हर्षाली मॅडमना लई आवडली. आवडली म्हटल्यावर दुरुस्त्या आल्याच. गालावरच्या सुरकुत्या काढा, पोरांची बोटं अडकतात. काढल्या. वय कमी करा. केलं. कपाळावर डाव्या भुवईच्या वर ही आडवी रेघ कसली, चुकून ओढलीत का? मी म्हटलं, खोक आहे ती, जुनी. त्या म्हणाल्या, हिडिंबेला खोक कशानं पडली? हिडिंबेच्या कपाळावर भूकंपात माळवदाची तुळई पडली, असं महाभारतात कुठं लिहिलंय? काढून टाकली. सुळे मात्र ठेवा म्हणाल्या, थोडे गोंडस करा. (गोंडस सुळा कसा असतो, ते मला अजून कळलेलं नाही. टोकं जरा गोल केली, पास झाली.) मग नियमाप्रमाणं खालचा कच्चा थर पुसला. म्हणजे तूर पाखडत शिव्या देणारा आत्याचा खराखुरा चेहरा जगात एकाच जागी उतरला होता, आणि तो मी माझ्याच दोन बोटांनी नाहीसा केला. तेव्हा काही वाटलं नाही. काम झालं म्हणून चहा पिऊन आलो.

खेळ बाजारात आला आणि वर्षाराणीनं नवऱ्याचं कौतुक म्हणून बचत गटाच्या बैठकीत मोबाईल फिरवला. तिथं पंधरा बायका. सुरकुत्या नाहीत, खोक नाही, वय पंचवीस, तोंडात सुळे, तरी पहिलीच बाई ओरडली, अगं बया, ही तर दगडाबाई! मग काय विचारतोस. गटाच्या अध्यक्ष भुवनेश्वरीकाकू, त्यांनी तिला हिरवी केली. दुसरीनं जांभळी केली. दिवस मावळायच्या आत गावात अकरा रंगांच्या दगडाबाई झाल्या, आणि खरी दगडाबाई नळावर पाणी भरायला गेली तर एकीनं विचारलं की मावशी, आज कुठल्या रंगात आलाव? आत्यानं मला बोलावणं धाडलं. तामलवाडीला मेव्हण्याकडं निघून जावं, असा मी आधी बेत केला होता. पण एसटी गेली होती.

तिनं टॅब चाळणीसारखा लांब धरला आणि बघत राहिली. लई वेळ. सुळ्यावर बोट फिरवलं, तर तो लाल झाला, म्हणून दचकून बोट पदराला पुसलं. मी शिव्यांची वाट बघत उभा. तिनं फक्त एवढं विचारलं, कपाळावरली खोक कुठं गेली? मी सांगितलं की आत्या, त्यांना रेघ स्वच्छ लागते. तर म्हणाली, “सुळं ऱ्हाऊ दे, लेका. म्या चावकी हाय हे समद्या गावाला ठावं हाय. पर खोक माघारी घाल. त्या घरची तेवढीच निशानी ऱ्हायलीय माझ्यापाशी.”

आता ‘चावकी’ या शब्दावर तू हे पत्र चुरगाळून फेकशील. थांब. फेकायचं तर शेवटी फेक. अकरा वर्षं झाली, कळंबचं मंगल कार्यालय, तुझं लग्न. वऱ्हाड पंगतीला बसलेलं, स्टेजवर फोटो चाललेले, आणि नवरदेवाची आई कुठाय म्हणून ओरडा झाला. ती आचाऱ्याकडं, बुंदीच्या कढयांमागं लपून बसलेली. तुझ्या सासऱ्यांना वाटलं विहीणबाईंना सून पसंत नाही. ते रुसले, त्यांची भावकी रुसली. तू मुंडावळ्या बांधलेला, घामानं निथळत आत आलास आणि आईचं मनगट धरून ओढायला लागलास. तुझ्यामागं तो कॅमेरावाला. तो म्हणाला, आई, इकडं बघा! आणि आत्यानं तुझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दोनशे माणसांत. (मी कढयांच्या मागंच होतो. आधी हसलो, हे कबूल करतो. नंतर तुझ्या मनगटावर रक्त दिसलं तेव्हा हसू थांबलं.) तू तेव्हा जे बोललास ते मला पाठ आहे, आणि माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ आहे. तू म्हणालास, एक फोटो नाय तुझा, मेलीस तर भिताडाला काय टांगू? पूजा झाली आणि तू वहिनींना घेऊन गेलास. तिसऱ्या दिवशी गेलास तो गेलास. अण्णांच्या मातीला आलास, पण स्मशानातूनच माघारी फिरलास, घरी पाणी प्यायला आला नाहीस. आत्या उंबऱ्यात तांब्या घेऊन बसली होती. म्हणजे तू मातीला येतोस, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून तर हे पत्र मातीच्या आधी लिहितोय.

होय. तेच सांगायचं होतं, आणि सांगायला सुचेना म्हणून बकासुरापासून सुरुवात केली. दिवाळीपासून तिला घास उतरेना. आधी भाकरी दुधात कालवून, मग नुसतं दूध, मग तेही चमच्यानं. बार्शीला नेलं. अन्ननलिकेत गाठ आहे आणि फार पुढं गेलीय. डॉक्टर भला माणूस होता, मला बाजूला घेऊन म्हणाला की आता घरी न्या आणि जे आवडतं ते खाऊ घाला. गिळता येत नाही म्हणून तर आणली होती! पण त्याला तरी काय बोलणार, त्याचेही डोळे भरले होते. चैत्री पौर्णिमेपर्यंत म्हणाला, येडाई पावली तर. परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसलेली. मला वाटलं, तिला काही कळलेलं नाही. पांगरीच्या पुढं आल्यावर म्हणाली, योग्या, माझं एक चित्र काढ. भिताडाला लावायजोगं. मी म्हटलं, आत्या, कशाला असलं बोलतीस? तर म्हणाली, “हिंमत म्हणला व्हता न्हवं, भिताडाला काय टांगू? त्येचं काय चुकलं? खरंच काय टांगंल बिचारा?”

दादा, तुला वाटत असेल ती अकरा वर्षं तुझ्यावर रागावून बसलीय. मलाही तसंच वाटायचं. तिनं तर ते वाक्य एखादं राहिलेलं काम असावं तसं मनात धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती बाजेवर बसायला लागली आणि मी समोर. (तिची बाज अजून अंगणातच असते, पत्र्याच्या शेडखाली. भूकंपानंतर तुला घेऊन आमच्याकडं आली, पण स्लॅबच्या घरात ती बत्तीस वर्षांत एकदा झोपली नाही.) तिला बसवून चित्र काढणं म्हणजे काय ते तुला सांगतो. पहिल्या दिवशी नवं लुगडं नेसून आली आणि म्हणाली लुगड्याचा रंग दिसू दे. मी म्हटलं नुसती रेघ असते, रंग नसतो. मग हे कशाला नेसले म्हणून तासभर शिव्या. मला आनंद झाला, मी ओढत सुटलो. दुसऱ्या दिवशी मात्र घोटाळा कळला. कालची रेघ आज जुळेना. गाल कालच्यापेक्षा आत गेलेला. तिसऱ्या दिवशी आणखी आत. रेघ स्वच्छ करायची तर चेहरा एका जागी थांबायला पाहिजे, आणि हिचा चेहरा रोज थोडा थोडा निघून चाललाय. मी सोमवारच्या नाकाला बुधवारचे गाल जोडतोय, दादा. हनुवटी अजून मागच्या आठवड्यातलीच आहे. स्टुडिओला असलं चित्र पाठवलं असतं तर हर्षाली मॅडमनी विचारलं असतं की सर, या चित्रात किती बायका आहेत?

एका दुपारी डोळ्यांपाशी आलो. ती नेहमीसारखी बाजूला बघत होती, ज्वारीच्या कडब्याकडं. मी सहज म्हणालो, आत्या, जरा इकडं बघ. तर तिचं सगळं अंग आखडलं. हातातला पदर सुटला. मी घाबरलो, पाणी आणलं. पाणी उतरेना. मग तिनं सांगितलं, हळूहळू, थांबून थांबून, आणि हे तुलाही माहीत नाही, कारण तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि तुला ढिगातून काढून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं.

तुझी धाकटी बहीण सोनी आणि तुझे बाबा भूकंपात गेले, एवढं आपल्याला सांगितलेलं आहे. बाबा जागीच गेले. सोनी गेली नव्हती. लोहाऱ्याकडच्या तुमच्या गावात त्या दिवशी ऊन चढेपर्यंत सोनी आत्याच्या मांडीवर होती, लुगड्यात गुंडाळलेली, आणि तिचा श्वास चालू होता. आत्याच्या कपाळातून रक्त येत होतं, ते डोळ्यात उतरत होतं, आणि ती त्या श्वासावर नजर ठेवून बसली होती. आता गेला, आता आला, असं मोजत. तेवढ्यात गळ्यात काळी पेटी अडकवलेला एक माणूस दगडांवरून वाट काढत आला. स्वच्छ कपडे, पायात बूट. आत्याला वाटलं डॉक्टर आला. तो म्हणाला, ताई, इकडं बघा. तिनं बघितलं. खट् असा आवाज झाला, आणि तो पुढच्या घराकडं गेला. आत्यानं खाली बघितलं तेव्हा सोनीचा श्वास थांबला होता. मला म्हणाली, “म्या तिच्यावरली नजर काढली, योग्या. तेवढ्यात गेली. म्या इकडं बघितलं न्हसतं तर...” तुझी नजर असती तरी ती गेली असती, असं सांगायला माझी जीभ उचलली नाही, आणि ते तिनं बत्तीस वर्षांत स्वतःला सांगून बघितलंच असेल.

तर बुंदीच्या कढयांमागं काय झालं होतं, ते आता तुला कळलं. तू तिचं मनगट धरलं होतंस आणि चावा तुझ्या मनगटाला होता. मागून तो माणूस म्हणाला, इकडं बघा. त्या क्षणाला तुझ्यावरची नजर काढायची नव्हती तिला, एवढंच.

चित्र आता होत आलंय. खोक घातली आहे, तीच आधी घातली. सुरकुत्या सगळ्या आहेत, एकही पुसली नाही; स्वच्छ रेघेत सुरकुती काढायला लई वेळ लागतो, पण माझ्याकडं वेळ आहे, तिच्याकडं नाही. कच्चा थरही यावेळी ठेवून दिलाय. डोळ्यांची जागा तेवढी कोरी आहे. मूर्तीचेसुद्धा डोळे शेवटीच उघडतात, ते बरोबरच आहे. आपण पोळ्याला मातीचे बैल करायचो तेव्हा ज्वारीचे दाणे डोळे म्हणून तूच शेवटी लावायचास. आधी लावले तर बैल काम बघून पळून जातो, असं तुझं म्हणणं होतं. पण ती माझ्याकडं बघत नाही, आणि बघ म्हणायची माझी हिंमत नाही. माझं चित्र अडलंय. तेवढं कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच.

वहिनींना नमस्कार, आरोहीला पुन्हा आशीर्वाद, आणि तुला काय द्यायचं ते तू समोर दिसल्यावर ठरवीन.

तुझा,
योगीराज

ता. क. १ : आरोहीच्या मोबाईलमध्ये तो रंगवायचा खेळ आहे का, तेवढं बघ. पोरांमध्ये चांगला चाललाय म्हणतात. असला तर तिनं तुला आणि आईला आधीच रंगवून ठेवलेलं असेल, हिडिंबा आणि घटोत्कच शेजारी शेजारीच आहेत. हर्षाली मॅडमच्या हातापाया पडून मी नव्या आवृत्तीत हिडिंबेची खोक परत घातली. कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, सर, रेघ बंद करा म्हणजे रंग गळणार नाही. रेघ बंद आहे. म्हणून तो कपाळावरचा एवढासा तुकडा पोरांना वेगळा रंगवावा लागतो, आणि तो नेमका राहून जातो. आरोहीला म्हणावं, तो कोराच राहू दे.

ता. क. २ : वर लिहिलंय की चित्र अडलंय म्हणून पत्र लिहितोय. ते खोटं आहे. डोळे मला तोंडपाठ आहेत. बत्तीस वर्षं त्या डोळ्यांच्या धाकात काढलीत, आंधळा झालो तरी काढीन. परवा मी तिला सांगितलंही की आत्या, तू बघू नकोस, मी आठवणीनं काढतो. तर नको म्हणाली. “ज्याला भिताडाला लावायचंय त्यानं म्हनावं, इकडं बघ. म्या बघंन.” तर दादा, स्वारगेटहून बार्शीची गाडी धर, बार्शीहून इकडं दिवसभर गाड्या आहेत. माझ्या पाठीमागं उभा राहा आणि तेवढंच म्हण. दुसरं काही बोलावं लागणार नाही, कुणी काही विचारणार नाही. घटोत्कचानं आईला सांगितलं होतं की आठवण काढशील तेव्हा येईन. इथं रोज काढणं चाललंय. कॅमेरा मात्र आणू नकोस, मोबाईलही खिशातच राहू दे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होतो तर बाजेवरून विचारलं, कुणाला लिहितोस रं? मी म्हटलं स्टुडिओला. तिनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. (माझ्याकडं! मी पेन शोधेपर्यंत नजर वळवलीसुद्धा.) मग म्हणाली की माझ्या या चित्रातही सुळे घाल, नाहीतर त्याला ओळख पटायची नाही. आणि म्हणाली, त्या स्टुडिओला आणखी एक विचार, मनगट बरं झालं का, का खूण ऱ्हायलीय? मी लिहितो म्हणालो. तर दादा, राहिलीय का? तेवढं कळव. नाहीतर कळवू नकोस, दाखवायलाच ये.